वारसा आणि मुद्देमाल : फेणीच्या संग्रहालयातून मोहाकडे पाहताना

१

एखाद्या राष्ट्राने किंवा प्रांताने आपल्या मद्याचा इतिहास संग्रहालयात मांडून ठेवावा, ही कल्पना मराठी वाचकास प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. अन्यत्र ती चांगलीच रुळलेली आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोनेसेर नावाच्या जुन्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात २०१८ साली पोलिश व्होडकाचे संग्रहालय उघडण्यात आले. मेक्सिकोतील तेकिला या गावी त्याच नावाच्या मद्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. ही संग्रहालये केवळ पेयाची माहिती देत नाहीत. अमुक मद्य म्हणजे अमुक राष्ट्राच्या स्वभावाचा, भूमीचा व परंपरेचा अंश होय, असे प्रतिपादन ती करतात.

भारतात या प्रकारचे उदाहरण शोधू गेल्यास ते मराठी प्रदेशाच्या लगतच, गोव्यात सापडते. पुरातन वस्तूंचे संग्राहक नंदन कुडचडकर यांनी २०२१ साली कांदोळी येथे 'ऑल अबाउट अल्कोहोल' या नावाने एक संग्रहालय सुरू केले. त्यात फेणी साठविण्याचे मोठमोठे काचेचे बुधले, मातीची भांडी, लाकडी मापे व जुने पेले पाहावयास मिळतात. प्रस्तुत लेखकाने हे संग्रहालय पाहिले ते भाषेचा अभ्यासक म्हणून आणि यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबचा रहिवासी म्हणून. तेथील मातीचे भांडे पाहताना जो प्रश्न मनात आला, तोच या लेखाचा विषय आहे. आमच्या जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी-जामणीकडच्या भागात मोहाची झाडे विपुल आहेत व त्या फुलांपासून मद्य काढण्याची रीत फार जुनी आहे. परंतु त्या मद्याचे भांडे कोणत्याही काचेच्या कपाटात नाही. ते आढळते पोलीस ठाण्यात, 'मुद्देमाल' म्हणून. एका भांड्यास 'वारसा' व दुसऱ्यास 'मुद्देमाल' ही संज्ञा का प्राप्त झाली?

या प्रश्नाचे उत्तर दोन्ही मद्यांच्या गुणधर्मात नाही. ते करपद्धतीच्या इतिहासात आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो मुख्यतः शब्दांचा. ज्या व्यवहाराची कागदपत्रे सरकारने लिहिली आणि करणाऱ्यांनी लिहिली नाहीत, त्या व्यवहारासंबंधी शब्द हे एक साधन उरते.

२

प्रथम फेणीचा विचार करू. काजू हे झाड मूळचे ब्राझीलचे. तूपी भाषेतील 'अकाजू' हा शब्द पोर्तुगीजांनी 'काजू' असा उचलला व तो झाडाबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आला. म्हणजे ज्या फळापासून गोव्याचे वारसा-मद्य होते, ते फळ व त्याचे नाव ही दोन्ही परकी आहेत. उलट 'फेणी' हे नाव देशी असून ते संस्कृत 'फेन' या शब्दाशी जोडले जाते. द्रव हलविला असता येणाऱ्या फेसावरून त्याची परीक्षा करीत, ही गोष्ट या व्युत्पत्तीस पोषक आहे.

फेणीच्या पूर्वी पहिल्या गाळपाचे जे हलके मद्य निघते, त्यास 'उर्राक' म्हणतात. हा शब्द अरबी 'अरक' म्हणजे घाम, यावरून आला. भांड्याच्या आतल्या अंगास जमून थेंबाथेंबाने गळणारी वाफ घामासारखी दिसते, हे त्यामागचे निरीक्षण आहे. मराठीतील 'अर्क' हा शब्दही याच कुळीचा. मद्याची तीव्रता मोजण्याचे परिमाण 'ग्राव' हे मात्र पोर्तुगीज आहे. उर्राक सुमारे पंधरा ग्रावांचा, तर फेणी एकोणीस-वीस ग्रावांची मानतात. ज्यात रस उकळतात ते भांडे 'भाण' होय. मराठी 'भाणे' याच्याशी त्याचे नाते उघड आहे. एवंच, एका मद्याच्या परिभाषेत तूपी, अरबी, पोर्तुगीज व संस्कृतोद्भव असे चार थर एकमेकांवर बसलेले दिसतात.

काजू गोव्यात मद्यासाठी वापरला जाण्यापूर्वी माडाच्या सुरेचे मद्य तेथे होतेच. गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. सुरेपासून प्रथम निघणाऱ्या तीव्र द्रवाला 'फुला' म्हणतात व त्याचा अर्थ फूल असा आहे, राहिलेल्या भागास 'ओर्राका' म्हणतात, असे तो सांगतो. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' हा जो वाक्प्रचार आहे, तोही याच भेदावर आधारलेला आहे. आज तो अस्सल व जहाल अशा कोणत्याही वस्तूस लावतात. बोलणाऱ्याने भट्टी कधी पाहिलेली नसते. शब्दाने ती पाहिलेली असते.

३

मद्यवाचक शब्दांविषयी आणखी दोन गोष्टी येथे नमूद केल्या पाहिजेत. पहिली अशी की, अनेक भाषांतून मद्याला पाण्याचे नाव देण्याची प्रवृत्ती आढळते. 'व्होडका' हे 'पाणी' या अर्थाच्या स्लाव्ह शब्दाचे लघुत्वदर्शक रूप असून तो शब्द आपल्या 'उदक' शब्दाचा दूरचा सगोत्र आहे. 'व्हिस्की' हे गेलिक भाषेतील 'जीवनजल' या अर्थाच्या समासाचे संक्षिप्त रूप. आपल्या 'आबकारी' या शब्दातही फारसी 'आब' म्हणजे पाणीच आहे. पाण्याचा धंदा तो आबकारी. 'दारू' हा शब्द मूळ फारसीत औषधवाचक होय. मराठीत तो बंदुकीच्या व शोभेच्या दारूसाठीही रूढ झाला आणि 'दारूगोळा' या समासात टिकला. तात्पर्य, मद्याच्या नावात सहसा मद्यपणा नसतो. पाणी, औषध, घाम, फेस, फूल अशा निरुपद्रवी वस्तूंच्या नावांनी ते वावरते.

दुसरी गोष्ट 'गाळणे' या क्रियापदाची. मराठीत दारू 'गाळतात'. ऊर्ध्वपातन हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर पडलेला नाही. गाळणे म्हणजे वस्त्रातून किंवा चाळणीतून निथळविणे. प्राचीन ग्रंथांतील सुरा, आसव, मैरेय ही मद्ये आंबविलेली असत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात त्यांची कृती येते व 'किण्व' म्हणजे मद्याचे विरजण याचाही उल्लेख येतो. अशा मद्यास गाळणे हे क्रियापद अक्षरशः लागू पडते. वाफेचे मद्य आल्यावर नवे क्रियापद न घडविता जुनेच पुढे चालविले गेले, असा तर्क येथे करता येतो. भारतात ऊर्ध्वपातन केव्हा सुरू झाले, यावर मतभेद आहेत. तक्षशिला व शेखान ढेरी येथील मातीच्या भांड्यांवरून ऑल्चिन यांनी १९७९ साली ते अतिप्राचीन असल्याचे सुचविले. सर्वांना ते मान्य नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मात्र अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत उसाच्या अर्काच्या भट्ट्यांचे तपशीलवार वर्णन केले आहे, म्हणजे तोवर ही विद्या सर्वपरिचित झालेली होती.

४

आता मोहाकडे वळू. संस्कृत 'मधूक' या शब्दावरून हिंदीत महुआ, गुजरातीत महुडो आणि मराठीत मोह अशी रूपे सिद्ध झाली. मराठी रूप ध्वनिपरिवर्तनाने 'भ्रांती' या अर्थाच्या तत्सम 'मोह' शब्दाशी एकरूप झाले, हा निव्वळ योगायोग आहे. परंतु व्यसनमुक्तीच्या कीर्तनकारांना व व्याख्यात्यांना तो उपयोगी पडण्याजोगा आहे. मनुस्मृतीत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी माध्वी म्हणजे मोहाच्या फुलांची, असा अर्थ टीकाकारांनी दिलेला आढळतो. यावरून ब्राह्मणी ग्रंथकारांना हे मद्य ठाऊक होते, एवढे निश्चित.

परंतु झाडाची ओळख त्यांच्याही पूर्वीची असली पाहिजे. तमिळ इरुप्पै किंवा इलुप्पै, तेलुगू इप्प, गोंडी इरुप ही रूपे एका द्राविड धातूकडे बोट दाखवितात व ती 'मधूक' शब्दाहून सर्वस्वी स्वतंत्र आहेत. यवतमाळ जिल्ह्यात गोंडी व कोलामी या दोन द्राविड भाषा मराठीच्या शेजारी आजही बोलल्या जातात. आर्यभाषिकांनी या झाडास त्याच्या गोडीवरून, 'मधु' शब्दावरून नाव दिले. द्राविडभाषिकांजवळ त्याचे स्वतःचे नाव होते. एखाद्या वस्तूस वर्णनपर नाव देणारा बहुधा नवागत असतो आणि साधे, अविभाज्य नाव वापरणारा बहुधा जुना शेजारी असतो. हा नियम निरपवाद नाही, तरी येथे तो विचारात घेण्यासारखा आहे.

मोह म्हणजे केवळ मद्य नव्हे, हे विशेषतः नगरवासी वाचकांनी लक्षात ठेवावे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात व स्त्रिया आणि मुले ती उजाडताच वेचतात. ती वाळवून ठेवतात, शिजवून खातात, टंचाईच्या महिन्यांत त्यांवर निभावतात, गुरांना घालतात आणि बाजारात विकतात. बियांचे तेल निघते. गोंडांच्या देवकार्यात, विवाहात व मर्तिकात मोहाच्या दारूचा नैवेद्य असतो. फुले भिजवून, काही दिवस आंबवून, मडक्यात उकळून, वर गार पाण्याचे भांडे ठेवून वाफ थंड करावयाची, ही कृती आणि फेणीची कृती यांत तत्त्वतः भेद नाही. आणखी एक साम्य असे की, फेणीसाठी काजूचे बोंड झाडावरून तोडीत नाहीत, पिकून गळालेले वेचतात. मोहाचे फूलही गळालेलेच वेचतात. दोन्ही मद्ये भुईवर पडलेल्या वस्तूंची आहेत. गळून पडलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच दोन्हीकडे उद्भवला आणि त्याची दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळाली.

५

या उत्तरांचा मागोवा दोन शब्दांतून घेता येतो. कोकणीत माडाची सुर काढणाऱ्यास 'रेंदेर' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'रेंदेइरो' यावरून आला व त्याचा मूळ अर्थ खंड देऊन महसूल ठेक्याने घेणारा, असा आहे. मराठीत मद्यपानाच्या हीन जागेस 'दारूचा गुत्ता' म्हणतात. 'गुत्ता' म्हणजे मुळात ठेका. 'गुत्तेदार' या शब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. अरबीतून आलेला 'मक्ता' हा शब्द याच अर्थाचा, आणि त्यावरूनच 'मक्तेदारी'. निजामाच्या अमदानीत वऱ्हाडचा महसूल सावकारांकडे लावून देण्याची पद्धत होती व पुरणमल, पेस्तनजी ही नावे त्या संदर्भात इतिहासात प्रसिद्ध आहेत. ज्या प्रदेशात शेतसाराही ठेक्याने जात असे, तेथे दारूवरील कराचा ठेका त्या जागेस आपले नाव देऊन गेला, यात नवल नाही.

दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत : राज्याने मद्यावरील कर ठेक्याने दिला. परंतु त्यांचा प्रवास उलट दिशांनी झाला. गोव्यात ठेक्याचा शब्द कारागिरास चिकटला. रेंदेर हे एका श्रमजीवी समाजाचे नाव झाले व त्यात निंदा नाही. वऱ्हाडात ठेक्याचा शब्द जागेस चिकटला आणि निंदाव्यंजक झाला. गाळणाऱ्याचे नाव त्यातून वगळले गेले. गोव्यात कारागीर ठेकेदाराच्या नावाने का होईना, पण कायद्याच्या आत राहिला, असे हे शब्द सांगतात. वऱ्हाडात ठेकेदार आत राहिला व कारागीर बाहेर पडला.

कायद्याचा इतिहास या निष्कर्षास दुजोरा देतो. मुंबई इलाख्यात १८७८ साली आबकारी कायदा झाला. घरोघरच्या भट्ट्या बंद करून सरकारमान्य मोठ्या भट्टीत दारू गाळावी व परवान्याच्या दुकानातून विकावी, हे त्या काळच्या आबकारी धोरणाचे सूत्र होते. १८९२ साली मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगणे व त्यांची नेआण करणे यांवर त्याने निर्बंध घातले. म्हणजे मद्यच नव्हे, तर अन्नही गुन्ह्याच्या कक्षेत आले. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९१५ च्या अबकारी कायद्याने ही व्यवस्था पक्की केली.

गोव्यातही इंग्रजी धर्तीची आबकारी आली होती, हे येथे सांगितले पाहिजे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला व मद्यावरील करही त्यांच्या पद्धतीने बसविण्यात आला. त्याविरुद्ध तेथे असंतोष झाला. १८९२ साली हा तह संपुष्टात आला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मोहफुलांवर कायदा झाला. दोन घटनांचा परस्परसंबंध आहे असे म्हणावयाचे नाही. तथापि एके ठिकाणी बंधन सैल होत असताना दुसऱ्या ठिकाणी ते फुलापर्यंत पोहोचले, हे सालांच्या या योगावरून दिसते. पुढेही गोव्यात काजूच्या विभागांची 'पावणी' म्हणजे लिलाव होऊन गाळणाऱ्यास परवाना मिळत राहिला. लहान भट्टी टिकली, म्हणून भाण टिकले. भाण टिकले, म्हणून ते संग्रहालयात येऊ शकले. २००९ साली फेणीस भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली आणि २०१६ साली गोवा शासनाने तिला राज्याचे वारसा-मद्य म्हणून मान्यता दिली. त्यापूर्वी कायद्याच्या दृष्टीने तीही 'देशी दारू'च होती.

६

येथवरच्या विवेचनावरून मोहाच्या दारूवर केवळ अन्याय झाला व तिला मखरात बसविले की तो दूर होईल, असा समज होऊ नये. आमच्या जिल्ह्याचा इतिहास तसे म्हणू देत नाही.

१९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत जुलै महिन्यात पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला. रानातील गवतावर लोकांचा हक्क आहे, हे सांगण्यासाठी सत्याग्रहींनी जंगलचा कायदा मोडला. त्याच चळवळीचा दुसरा कार्यक्रम दारूच्या दुकानांवर निरोधन करण्याचा होता. मोहाचे झाड या दोन कार्यक्रमांच्या नेमके मध्ये उभे होते. रानाच्या उपजावर लोकांचा हक्क, या न्यायाने मोहफूल लोकांचे ठरत होते; मद्यनिषेधाच्या न्यायाने त्याच फुलाची दारू त्याज्य होती. राष्ट्रीय चळवळीने हा पेच सोडविला नाही आणि स्वतंत्र राज्यानेही नाही. १९३८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे विदर्भासही लागू झाला. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांना प्रतिबंध करण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरविले. तेव्हा या देशात 'राष्ट्रीय मद्य' ही कल्पनाच संविधानाच्या निदेशक तत्त्वाशी विसंगत आहे. 'वारसा-मद्य' हा शब्द राज्यसरकारांनी योजिला, तो बहुधा ही विसंगती झाकण्यास सोयीचा आहे म्हणून.

शिवाय निषेधाची मागणी नेहमी वरूनच आली असेही नाही. १९२२ साली दक्षिण गुजरातच्या आदिवासींत उठलेल्या देवीच्या चळवळीत लोकांनी आपण होऊन दारू-ताडी सोडली. दारूच्या दुकानदारांच्या पाशातून सुटण्याचा तो एक मार्ग होता, असे हार्डिमन यांच्या संशोधनावरून दिसते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, तीमागे मोठे लोकआंदोलन होते. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली व २०२१ साली उठली. यवतमाळ जिल्ह्यात 'स्वामिनी' या नावाने स्त्रियांनी दारूबंदीसाठी अभियान चालविले. या स्त्रियांना मोहाचा इतिहास सांगून गप्प करता येणार नाही. मजुरीचा पैसा गुत्त्यावर जातो, हे त्या पाहत आलेल्या असतात. कांदोळीचे पेले व बुधले पाहताना ज्या घरात त्यांचा परिणाम भोगला गेला, ते घर नजरेसमोर येत नाही. मद्याचे कोणतेही संग्रहालय या घरावाचून अपुरे राहील.

मात्र येथे एक भेद केला पाहिजे. वेचणाऱ्या स्त्रीचा मोह आणि पिणाऱ्या पुरुषाचा गुत्ता यांचा इतिहास एक नाही. कायद्याने त्यांना एक केले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध उठविले, तेव्हा हा भेद उशिराने का होईना मान्य झाला. २०२२ साली मध्य प्रदेश शासनाने मोहाच्या मद्यास वारसा-मद्य म्हणून उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले, तो याच्या पुढचा व वेगळा टप्पा आहे. त्यातून आदिवासी गाळणाऱ्यास परवाना मिळेल की जुन्या गुत्त्यास नवे नाव मिळेल, यावर त्याचे मूल्यमापन करावे लागेल.

७

आमच्याकडे मोहाच्या दारूची लिखित नोंद कोणत्या भाषेत होते, याचा विचार करून हे विवेचन पुरे करू. वृत्तपत्रांतील पोलीस कारवाईच्या बातम्यांत ठरावीक शब्द येतात : 'हातभट्टी', 'गावठी', 'मोहाचा सडवा', 'रसायन', 'पंचनामा', 'मुद्देमाल', 'नष्ट केला'. त्यांपैकी 'सडवा' हा शब्द विशेष ध्यानात घ्यावा. आंबविलेल्या फुलांचे ते नाव 'सडणे' या धातूवरून आले आहे. इडलीचे पीठ आंबते, दुधाला विरजण लागते. मोह मात्र सडतो. जीवशास्त्रदृष्ट्या या क्रिया एका वर्गातील आहेत. भाषेने त्यांची प्रतवारी केली आहे. याच अवस्थेतील काजूच्या रसास गोव्यात कोणी सडवा म्हणत नाही.

म्हणजे मोहाचे दफ्तर आहे, ते अगदीच नाही असे नाही. पण ते आरोपपत्राच्या भाषेत आहे. भांडे किती लिटरचे, कोठे लपविले होते, किती माल ओतून दिला, हे त्यात सापडते. फुले कोणी वेचली, आंबल्याची खूण काय, पहिल्या धारेस कोणते नाव होते, देवापुढे ठेवताना कोणते शब्द उच्चारीत, हे त्यात नाही. ही माहिती गोंडी व कोलामी बोलणाऱ्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या तोंडी आहे व ती टिपून घेण्याचा काळ फार उरलेला नाही. कोलामी बोलणाऱ्यांची संख्या मुळातच अल्प आहे, आणि शाळा, बाजार, कचेरी या तिन्ही ठिकाणी तिची जागा मराठी घेत आहे.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या कामाचा विचार अवश्य करावा. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या तालुक्यात मोहाशी संबंधित शब्दांचा संग्रह गोंडी, कोलामी, बंजारा व वऱ्हाडी अशा चार स्तंभांत केल्यास झाड, फूल, भांडे, क्रिया व विधी यांपैकी कोणते शब्द कोणत्या भाषेकडून कोणत्या भाषेकडे गेले, हे दिसू लागेल. त्याच्या जोडीस जुने पंचनामे वाचले, तर व्यवहाराच्या भाषेतून गुन्ह्याच्या भाषेत वस्तूंची नावे कशी बदलतात, हेही दिसेल. या संग्रहात गाळणाऱ्यांचे शब्द हवेत, तसेच गुत्ता बंद पाडण्यासाठी निघालेल्या स्त्रियांचेही हवेत. उद्या मोहाचे संग्रहालय झालेच, तर तेथील भांड्याखालच्या चिठ्ठीवर काय लिहावयाचे, हे ठरविण्यास असा संग्रह उपयोगी पडेल. तो नसेल, तर ती चिठ्ठी एक तर पंचनाम्यावरून लिहिली जाईल, नाही तर विक्रेत्याच्या जाहिरातीवरून.